अभंगाला चाल बसवताना: अक्षरमोजणीपासून टाळापर्यंत, क्रमाने

बेळगाव सीमाभागात येळ्ळूर-कडोलीपासून खानापूर-निपाणीपर्यंत पारायण सप्ताह किंवा भजन स्पर्धा जवळ आली की मंडळांत साधारण एकच पद्धत दिसते. पेटी उघडायची, कानात बसलेली एखादी चाल धरायची आणि नवा अभंग तिच्यात कोंबायचा. पहिले कडवे कसेबसे बसते. दुसऱ्यात दोन अक्षरे उरतात, तिसऱ्यात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, ‘चि’ किंवा ‘ते’ येऊन आदळते, वरच्या षड्जाला (सा) मागचे, म्हणजे साथीला गाणारे, गप्प होतात आणि बोलणी टाळकऱ्यांना बसतात.

चूक टाळकऱ्यांची नसते, क्रमाची असते. आधी शब्द, मग ठेका, मग धृपदाची (परत परत येणाऱ्या ओळीची) चाल, मग पट्टी (पेटीचा कोणता सूर षड्ज धरायचा ते), मग कडवी आणि सगळ्यात शेवटी कोणी कुठे गायचे ते. पेटी तिसऱ्या टप्प्याला उघडायची, त्याआधी नाही.

तयारी: काय हवे, कोण हवे

गणिताची चौकडीची वही, पेन्सिल, खोडरबर, अभंगाची छापील प्रत, टाळांची एक जोडी, पेटी आणि मोबाइल. मोबाइलवर दोन गोष्टी लागतात: आवाज मुद्रित करण्याची सोय आणि मेट्रोनोमचे (लय मोजून देणारे) एखादे अ‍ॅप. तानपुऱ्याचे अ‍ॅप किंवा श्रुतीपेटी असेल तर उत्तम.

चाल बसवायला तीनच माणसे बसवा: बुवा (मुख्य गायक), पेटीवाला आणि पखवाजी. अख्खे मंडळ बोलावले की चहा होतो, चाल होत नाही. बाकीच्यांना सहाव्या टप्प्यापासून बोलवा; चौथ्या टप्प्याला पट्टी तपासायला मागचा एखादा पुरे.

१. शब्दांचा कागद

प्रथम अभंग कोणत्या मापाचा आहे ते ओळखा. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाच्या शेवटी. तुकोबांचे ‘सुंदर ते ध्यान’ घ्या:

सुं-द-र-ते-ध्या-न (६) / उ-भे-वि-टे-व-री (६) / क-र-क-टा-व-री (६) / ठे-वो-नि-यां (४)

लहान अभंगात दोन चरण, बहुतेक आठ-आठ अक्षरांचे, आणि यमक दोन्हींच्या शेवटी: ‘जे का रंजले गांजले । त्यासि म्हणे जो आपुले’. ही दोन मापे वेगळी आहेत, म्हणूनच एकाची चाल दुसऱ्याला उचलून लावली की फसते.

मोजताना जोडाक्षर एकच धरायचे, अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. शब्दाच्या शेवटचा ‘अ’ बोलताना आपण गिळतो, पण अभंगात तो पुरा मोजतात आणि पुरा गातात. ‘ध्यान’ म्हणजे ‘ध्या-न’, दोन अक्षरे.

आता प्रत्येक कडव्याची अक्षरे वेगवेगळी मोजून शेजारी आकडा लिहा. ही पायरी गाळली की पुढे सगळे अडते, कारण संतांनी मोजपट्टी घेऊन लिहिलेले नाही. याच अभंगात पुढे ‘तुळसीहार गळां’ सात अक्षरी आहे आणि ‘आवडे निरंतर’ही सातच. ही जादा अक्षरे कुठे बसवायची ते दुसऱ्या टप्प्यात येईल. आत्ता फक्त त्यांच्याभोवती गोल करा. यमकाच्या अक्षरांखाली दुहेरी रेघ ओढा.

धृपद कोणते तेही आत्ताच ठरवा. गाथेच्या छापील प्रतींत ‘॥ध्रु.॥’ ही खूण बहुधा दुसऱ्या कडव्याला असते. ‘सुंदर ते ध्यान’मध्ये ती ‘तुळसीहार गळां’ला आहे. संगीत भजनात मात्र पहिली ओळच मुखडा म्हणून घेण्याचा प्रघात आहे. दोन्ही चालते. अर्ध्या मंडळाने गाथेप्रमाणे आणि अर्ध्याने प्रघाताप्रमाणे परत यायचे, हे चालत नाही.

*तपासणी:* सगळ्यांच्या वहीत एकच पाठ आहे ना? एका प्रतीत ‘ठेवोनियां’, दुसरीत ‘ठेवूनियां’ असते. माइकसमोर दोन्ही एकदम आले की शब्द फुटतो.

२. ठेका आणि अक्षरांची वाटणी

नव्या मंडळाने आठ मात्रांत राहावे: भजनी ठेका, केहरवा किंवा धुमाळी. दादऱ्याच्या सहा मात्रा आणि चरणाची सहा अक्षरे हे गणित फार मोहात पाडते, पण तसे बसवले की चरणाच्या शेवटी श्वासाला जागाच उरत नाही आणि अभंग पाढ्यांसारखा ऐकू येतो. दादरा घ्यायचाच असेल तर एका चरणाला दोन आवर्तने, म्हणजे बारा मात्रा द्या. रूपक सात मात्रांचा आणि त्याची सम ‘खाली’वर, म्हणजे टाळीऐवजी रिकामा हात दाखवायच्या मात्रेवर, असते. समेला जोराने टाळ मारायची सवय असलेल्यांचा त्यात हमखास गोंधळ होतो. तो पुढच्या वर्षी.

चौकडीच्या वहीत एका ओळीत आठ चौकोन घ्या, चौथ्यानंतर जाड रेघ मारा. पहिला चौकोन समेचा, पाचवा खालीचा. आता एका चरणाला एक आवर्तन (ऽ म्हणजे आधीचे अक्षर लांबवायची मात्रा):

सुं ऽ द र | ते ऽ ध्या न
उ भे वि टे | व री ऽ ऽ
क र क टा | व री ऽ ऽ
ठे ऽ वो ऽ | नि यां ऽ ऽ

यात तीन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. ‘व-री’ दोन्ही चरणांत पाचव्या-सहाव्या मात्रेवरच पडते, त्यामुळे यमक कानाला सापडते. पहिल्या चरणानंतर थांबा नाही, कारण ‘सुंदर ते ध्यान’ इथे अर्थ पुरा होत नाही. थांबा ‘विटेवरी’ला आहे. आणि लांबवलेली अक्षरे सगळी दीर्घ आहेत. ह्रस्व अक्षर दोन मात्रा ओढले की ‘करऽ’, ‘उऽभे’ असे विचित्र उच्चार होतात. अगदीच इलाज नसेल तर चरणाचे शेवटचे अक्षर ह्रस्व असूनही लांबवता येते, मधले नाही.

आता गोल केलेली जादा अक्षरे. ‘तुळसीहार गळां’ची सात अक्षरे आठ चौकोनांत सरळ बसतात:

तु ळ सी हा | र ग ळां ऽ

‘आवडे निरंतर’ मात्र सरळ टाकले तर ‘तर’ सहाव्या-सातव्या मात्रेवर सरकते आणि ‘पीतांबर’शी असलेले यमक चुकते. इथे चरणाच्या सुरुवातीची दोन अक्षरे एका मात्रेत दाबायची:

का से पी तां | ब र ऽ ऽ
आव डे नि रं | त र ऽ ऽ
तें ऽ ऽ चि | रू प ऽ ऽ

दाबायचे ते नेहमी सुरुवातीला, यमकाजवळ कधीच नाही.

लहान अभंगात आठ अक्षरे आणि आठ मात्रा असल्याने प्रत्येक मात्रेवर एक अक्षर टाकण्याचा मोह होतो. त्याऐवजी एका चरणाला दोन आवर्तने द्या:

जे ऽ का ऽ | रं ज ले ऽ || गां ऽ ऽ ज | ले ऽ ऽ ऽ
त्या ऽ ऽ सि | म्ह णे जो ऽ || आ ऽ ऽ पु | ले ऽ ऽ ऽ

पहिल्या ओळीत ‘का’ तिसऱ्या मात्रेवर आहे आणि दुसऱ्या ओळीत ‘सि’ चौथ्या. साचा तोच ठेवून आतली वाटणी ह्रस्व-दीर्घ पाहून थोडी हलवायची. सगळी कडवी एका ठशात ओतायचा हट्ट धरू नका.

*तपासणी:* सूर न लावता, हातावर मात्रा मोजत, मेट्रोनोम मिनिटाला ८० वर ठेवून पूर्ण अभंग दोनदा म्हणा. पखवाजीने फक्त सम दाखवायची. जिथे जीभ अडखळते तिथली वाटणी चुकली आहे; चालीने ती झाकली जाणार नाही.

३. धृपदाची चाल

आता पेटी उघडा, पण उजव्या हाताची एकच पट्टी एका वेळी दाबायची. भरणा नंतर.

राग साधा घ्या. भूपात पाच स्वर (सा रे ग प ध), मध्यम-निषाद (म, नि) नाहीत, त्यामुळे समूहाला घसरायला जागा कमी. दुर्गा (सा रे म प ध) तितकाच सोयीचा. भीमपलास, देस गोड आहेत, पण भीमपलासातले कोमल गंधार-निषाद आणि देसातला कोमल-शुद्ध निषादाचा व्यवहार बारा माणसांच्या गळ्यातून एकसारखा निघायला वेळ लागतो. भैरवी शेवटच्या अभंगासाठी राखून ठेवतात, ती मध्येच वापरून टाकू नका.

चालीत पाहायच्या गोष्टी चार: चाल थांबते कुठे, चढते कुठे, उडी केवढी मारते आणि काय परत येते. वरच्या वाटणीवर भूपातली ही एक चाल पाहा (सां म्हणजे तार, वरच्या सप्तकातला षड्ज):

सा ऽ रे ग | प ऽ ग रे
ग प ध प | ग प ऽ ऽ
ग प ध सां | ध प ऽ ऽ
ग ऽ रे ऽ | रे सा ऽ ऽ

थांबे पाहा. दुसरा आणि तिसरा चरण पंचमावर थांबतो. तिथे कान अजून वाट पाहत असतो. षड्जावर थांबतो फक्त चौथा. दुसऱ्या चरणालाच षड्जावर उतरलात तर ऐकणाऱ्याला अभंग संपल्यासारखा वाटतो आणि ‘कर कटावरी’ शेपटासारखे लोंबकळते. आमच्या भागातल्या नव्या चालींत ही चूक सगळ्यात जास्त ऐकू येते. पेटीवाल्याचा हात सवयीने षड्जावर येतो, कारण तिथे सुरक्षित वाटते.

चढ एकच आहे, तोही ‘कटावरी’तल्या ‘टा’वर, म्हणजे दीर्घ अक्षरावर. प्रत्येक चरणात तार षड्ज गाठलात तर चढ उरतच नाही.

उड्या जवळजवळ नाहीत. स्वर शेजारून शेजारी जातात किंवा भूपात मध्यम-निषाद नसल्यामुळे पडणारे ग-प, ध-सां हे अंतर घेतात. एकट्या गायकाला सा-सां अशी उडी शोभून दिसते, मागच्या दहांना ती दहा वेगवेगळ्या ठिकाणी लागते. समूहासाठी पंचमापेक्षा मोठी उडी नको.

परत येणारी गोष्ट म्हणजे ‘ग प ध’. दुसरा आणि तिसरा चरण तिथूनच सुरू होतात. एक पंचमाला वळतो, दुसरा षड्जापर्यंत जातो. शिवाय दोन्ही ‘वरी’चा शेवट पंचमावरच आहे, म्हणजे यमकाला मात्राही तीच आणि सूरही तोच. एवढ्याने चाल लक्षात राहते. प्रत्येक चरणाला नवा तुकडा दिला तर बुवांना पाठ होते, मागच्यांना होत नाही.

*इशारा:* भूपात गंधार ठसठशीत लागला पाहिजे. धैवतावर रेंगाळलात की चाल देशकाराकडे झुकते, कारण स्वर तेच आहेत. आणि पेटीवाल्याच्या बोटाला ग-म-पची सवय असेल तर मध्यम नकळत शिरतो. संथ वाजवून मुद्रित करा आणि नुसते ऐका.

*तपासणी:* शब्द काढून चाल नुसत्या ‘आ’कारात गुणगुणा. दुसऱ्या दिवशी वही न पाहता तिघांनाही ती तशीच आठवली तर ठेवा. तिघांना तीन प्रकारे आठवली तर ती चाल अजून झालेली नाही, बदला.

४. पट्टी

पट्टी बुवांच्या गळ्यावरून नव्हे, मागे बसणाऱ्यांच्या गळ्यावरून ठरवायची. चालीतला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर वहीत लिहा. वरचे धृपद सा ते सां आहे, कडव्यात तार रिषभ आला तर सा ते रें. मग मागच्यांपैकी ज्याचा गळा सगळ्यात आखूड, त्याला ते दोन सूर ‘आ’ म्हणून चार-चार मात्रा धरायला लावा. मान वर न करता लागले तर पट्टी बरोबर.

अंदाजासाठी: पुरुषांचे मंडळ काळी एक किंवा काळी दोनपासून (पेटीच्या सप्तकातली पहिली, दुसरी काळी पट्टी) तपासायला सुरुवात करते, महिला मंडळ काळी चार किंवा काळी पाचपासून. कसलेले वारकरी याहून चढे गातात. ते रोजचे गाणारे असतात, त्यांच्याशी बरोबरी नको.

स्त्री-पुरुष एकत्र असतील तर गोंधळ वाढतो. दोघांच्या पट्ट्यांच्या मधली कुठली तरी पट्टी काढून भागत नाही. ती दोघांनाही अडचणीची होते. इथे पट्टी नव्हे, चालीचा आवाका बदलावा लागतो. चाल मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम ते मध्य पंचम-धैवत एवढ्यात बसवा आणि पांढरी चार धरा. पुरुष खालच्या सप्तकात, महिला वरच्या सप्तकात, सूर तेच, आणि कोणालाच ताण नाही. सा ते सां आवाक्याची चाल तशीच पांढरी चारला उचलली तर महिलांना वरचे सूर चिरके लागतात, पुरुषांनाही शेवटी ओरडावे लागते.

पट्टी ठरल्यावर पखवाज लावायचा, आधी नाही. उजवे तोंड षड्जाला. गट्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) खाली ठोकले की सूर चढतो, वर सारले की उतरतो. डाव्या तोंडाची कणीक फार ओली झाली तर नाद बसतो. वाळू लागली की सूर चढतो, म्हणून दोन अभंगांमध्ये बोट फिरवून पाहा. स्केलचेंजर पेटीची पट्टी क्षणात बदलते, पखवाजाची बदलत नाही. काळी एकला लागलेल्या पखवाजावर ऐन वेळी पांढरी चार मागू नका. वेगळ्या पट्टीतले अभंग असतील तर दुसरा पखवाज न्या, नाहीतर कार्यक्रमभर एकच पट्टी ठेवा.

खानापूर-जांबोटीकडच्या पावसात कातडे ओल धरून सैल होते आणि सूर उतरतो. आषाढ-श्रावणात पखवाज कापडात गुंडाळून न्या आणि बसायच्या जागी पोचल्यावर पुन्हा लावा. घरी लावलेला सूर तिथवर टिकत नाही.

५. कडव्यांची चाल आणि एकूण आराखडा

तीन पर्याय आहेत. सगळी कडवी धृपदाच्याच चालीत; धृपद एक आणि सगळ्या कडव्यांना मिळून एक वेगळी चाल; किंवा प्रत्येक कडव्याला निराळी. पहिला दिंडीत चालताना योग्य. तिसरा स्पर्धेत परीक्षकांना भुरळ घालण्यासाठी करतात आणि बहुतेक वेळा स्वतःच त्यात अडकतात. बैठकीच्या भजनाला दुसरा.

वेगळी चाल म्हणजे पूर्ण वेगळी असे नाही. अर्धी नवी, अर्धी जुनी ठेवा:

तु ळ सी हा | र ग ळां ऽ → प प ध प | ध सां सां ऽ
का से पी तां | ब र ऽ ऽ → सां रें सां ध | ध प ऽ ऽ
आव डे नि रं | त र ऽ ऽ → ग प ध सां | ध प ऽ ऽ
तें ऽ ऽ चि | रू प ऽ ऽ → ग ऽ ऽ रे | रे सा ऽ ऽ

पहिले दोन चरण वर जातात, शेवटचे दोन थेट धृपदाचे. मंडळाला नवे शिकायचे ते दोनच चरण, आणि धृपदावर परतायची वाट आपोआप तयार. कडवे उंचावरच संपवून एकदम ‘सुंदर’च्या षड्जावर पडायचे, ही उतरंड फार मंडळांना जमत नाही.

आता वेळ मोजा. एक कडवे म्हणजे चार आवर्तने, ३२ मात्रा. मिनिटाला ९६ मात्रांच्या लयीत त्याला २० सेकंद लागतात. सुरुवातीला धृपद दोनदा (४० सेकंद), तीन कडवी प्रत्येकी दोनदा, एकदा बुवा आणि एकदा सगळे (१२० सेकंद), प्रत्येक कडव्यानंतर धृपद एकदा (६० सेकंद), शेवटी धृपद दोनदा (४० सेकंद). एकूण ४ मिनिटे २० सेकंद. आलाप, पेटीचे तुकडे आणि गजर याच्यावर. स्पर्धेला दहा मिनिटे असतील तर उरलेली साडेपाच मिनिटे कशात जाणार ते लिहून ठेवा, नाहीतर ती सगळी गजरात जातात आणि अभंगाचे शेवटचे कडवे, ज्यात संताची नाममुद्रा असते, घंटा वाजल्यावर येते.

६. कोणी कधी: आवाजांचे थर

चाल तीच असून एका मंडळाचे भजन भरलेले वाटते आणि दुसऱ्याचे नुसते मोठे. फरक इथे पडतो. सगळे सगळीकडे वाजत-गात राहिले की ऐकणाऱ्याला धरायला काही उरत नाही.

तळाला अखंड षड्ज-पंचम: तानपुरा किंवा श्रुतीपेटी, आवाज इतकाच की थांबवल्यावर जाणवावे. त्यावर बुवांचा एक आवाज. मग पेटी. मग पखवाज. मग मागचे. सर्वांत वर टाळ. आता धृपदापासून पाहा.

पहिले धृपद बुवा एकटे. पेटी हलकी, टाळांची एकच जोडी, तीही काठाला काठ टेकवून. दुसऱ्यांदा सगळे, टाळ पूर्ण. कडवे बुवा एकटे, दोन जोड्या. तेच कडवे मागचे सगळे म्हणतील तेव्हा बुवांनी गप्प राहायचे. हे बुवांना फार जड जाते, पण त्यांनी त्यातही गायले तर प्रश्न आणि उत्तर एकाच तोंडून येते.

पेटीवाल्यासाठी: बुवा गात असताना मागोमाग, किंचित उशिरा, कमी आवाजात. मागचे गात असतील तेव्हा चाल स्पष्ट आणि पुढे. दोन ओळींमध्ये तुकडा द्यायचा तर जास्तीत जास्त एक आवर्तन, समेपूर्वी संपवून. बुवांनी आलाप घेतला की लगेच तोच उलटा वाजवून दाखवायची हौस टाळा.

मागच्यांनी एका सुरात किंवा एका सप्तकाच्या अंतराने गायचे. चर्चमधल्या किंवा सिनेमातल्या कोरससारखा वरचा दुसरा सूर जोडण्याची टूम अधूनमधून येते. भूपात ती लगेच उघडी पडते: ‘सा’वर ‘ग’ जुळतो, पण ‘रे’वर त्याच अंतराने जायला मध्यम लागतो आणि तो रागात नाही. कोणीतरी तो लावतोच.

टाळांबद्दल कडक राहा. बारा जोड्या एकदम वाजल्या की व्यंजने बुडतात, ‘कटावरी’ आणि ‘विटेवरी’ सारखेच ऐकू येतात. सगळ्या जोड्या फक्त धृपदाच्या दुसऱ्या फेरीला आणि गजराला.

*तपासणी:* मोबाइल दहा पावलांवर, श्रोत्यांच्या जागी ठेवून मुद्रित करा. अभंग माहीत नसलेल्या एखाद्याला ऐकवून शब्द लिहायला सांगा. पहिल्या कडव्याचे शब्द लिहिता आले नाहीत तर टाळ कमी करा, आवाज वाढवू नका.

७. कार्यक्रमात कन्नड पद असेल तर

सीमाभागात एका बैठकीत तुकोबा आणि कन्नड संतकवी पुरंदरदास दोघेही येतात, आणि पद बहुधा देवनागरीत उतरवून गातात. इथे तीन ठिकाणी वाट चुकते.

कन्नडमध्ये ए आणि ओ ह्रस्वही असतात, दीर्घही. आपल्या लिपीत दोन्हींना एकच खूण. ‘भाग्यद लक्ष्मी बारम्मा’तल्या ‘हेज्जेय मेले’मध्ये ‘मे’ दीर्घ आहे आणि ‘ले’ ह्रस्व, पण वहीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून गाणारा ‘ले’ ओढतो. कन्नड जाणणाऱ्याला शेजारी बसवून ह्रस्व ए-ओवर पेन्सिलीने लहान कमान काढून घ्या, मगच मात्रांत वाटा. शेवटचा ‘अ’ही गिळायचा नाही: ‘भाग्यद’, ‘भाग्यद्’ नव्हे.

यमकाची जागाही वेगळी. आपले यमक चरणाच्या शेवटी, तिकडचा प्रास ओळीच्या दुसऱ्या अक्षरावर: हेज्जे, गेज्जे, सज्जन, मज्जिगे. म्हणून वजन ओळीच्या सुरुवातीला द्यायचे. अभंगाच्या सवयीने सुरुवातीची अक्षरे दाबून शेवट लांबवलात तर ‘ज्ज’चा सगळा ठसका जातो. दुसऱ्या टप्प्यातला दाबण्याचा नियम इथे उलटा होतो.

रचनेत पल्लवी म्हणजे आपल्या धृपदाची जागा, चरण म्हणजे कडवे. काही पदांत मध्ये अनुपल्लवी असते. ती एकदाच येते की दरवेळी, ते आधी ठरवा.

८. तालमीचा क्रम

पहिल्या बैठकीला पूर्ण मंडळ, पण वाद्य एकही नाही: फक्त मात्रा मोजत शब्द, मग तानपुऱ्यावर धृपद. दुसरीला पेटी आणि कडवी. तिसरीला पखवाज, एक टाळ आणि कोण-कधीचा तक्ता भिंतीवर. चौथीला सगळे, पूर्ण वेळ लावून, मध्ये न थांबता. उलट क्रमाने, म्हणजे टाळ-पखवाजाच्या गजरात शब्द शिकवले, की चुकीचे उच्चार पक्के होतात आणि नंतर निघत नाहीत.

लय दर बैठकीला मेट्रोनोमवर तपासून वहीत लिहा. सुरुवात ९६ आणि शेवट १३० असे झाले तर ती रंगत नाही, पळापळ आहे. बहुधा मागचे चरणाच्या शेवटच्या दोन रिकाम्या मात्रा पुऱ्या धरत नाहीत आणि प्रत्येक आवर्तनात थोडे-थोडे चोरतात. उपाय सोपा आहे: त्या दोन मात्रा टाळाने मोजून दाखवा. लय वाढवायचीच असेल तर एका ठरलेल्या जागी, शेवटच्या धृपदाआधी, पखवाजीच्या उठावावर वाढवा.

शेवट कसा तेही बसवा: तिहाईवर (तोच तुकडा तीनदा घेऊन समेवर), की गजरात विरत. तिहाई असेल तर ती धृपदाच्या कोणत्या शब्दावर, आणि टाळकऱ्यांना ती तोंडाने म्हणता येते का, ते पाहा.

कार्यक्रमाच्या जागी तुमच्याआधी दुसरे मंडळ गायलेले असते आणि त्यांची पट्टी सगळ्यांच्या कानात असते. बसल्याबसल्या गजर करू नका. तानपुरा आपल्या पट्टीला लावून पूर्ण एक मिनिट चालू द्या, पखवाजाचे उजवे तोंड त्यावर पुन्हा तपासा, मागच्यांनी मनात षड्ज धरला की बुवांनी मान हलवून सुरुवात द्यावी.